मुक्काम पोस्ट माढा

“माढा? म्हणजे इलेक्शनच्या वेळी टीव्हीवर येतं ते?”

हॉस्टेलवर आईचं गाव सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. हो, तेच ते. माढा लोकसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अस्तित्वात आला, पहिल्याच वेळी शरद पवार तिथून निवडून आले आणि नाव महाराष्ट्रभर झालं. पण माढा नावाचं एक साधंसुधं गावही आहे. सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याचं ठिकाण. तिथे मी आणि आई गेल्या डिसेंबरात, सेमिस्टर संपल्यावर, तीन दिवस राहून आलो. आणि राहिलो कुठे, तर लॉजवर!

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील, उरलेल्या माझ्या.)

लॉजची हकीकत आधी सांगते. आजोबा मी लहान असतानाच गेले. आजी गेल्यावर घर बंद होतं, ते दोन वर्षांपूर्वी विकलं. तेव्हापासून आईने माढ्याचं नाव काढणं सोडलं होतं. मग एका रात्री भांडी लावता लावता म्हणाली, “एकदा जाऊन आलं पाहिजे.” मी म्हटलं, जाऊ की, लॉजवर राहू. त्यावर आई अशी काही माझ्याकडे बघायला लागली की जणू मी तिला फुटपाथवर झोपायला सांगितलंय. “माहेरात लॉजवर राहू? लोक काय म्हणतील?” नातेवाईक होते गावात, पण त्यांच्याकडे पाहुणी म्हणून जायलाही तिचं मन घेईना. आठवडा गेला या चर्चेत. शेवटी ती तयार झाली.

तर मित्रमैत्रिणींनो, हे प्रवासवर्णन कमी आणि माहिती जास्त आहे. एखाद्या छोट्या गावात मध्यभागी मुक्काम टाकायचा आणि तिथून रोज एकेका दिशेला जाऊन मुलूख बघायचा, हे कसं करतात आणि त्यात काय काय सापडतं, ते सांगायचंय. आपण ट्रिप म्हटलं की महाबळेश्वर नाहीतर गोवा. सोलापूर जिल्हा म्हणजे घरच्यांबरोबर पंढरपूरला दर्शन ‘उरकून’ त्याच रात्री परत. मधला मुलूख खिडकीतूनच बघायचा, तोही झोपेत.

पहिली गोष्ट, लॉज कुठला घ्यायचा. हायवेवर आता पार्किंगवाली, एसीवाली हॉटेलं झाली आहेत. गाडी असेल तर ती बरी. आमच्यासारख्या एसटीवाल्यांनी मात्र स्टँडजवळच उतरावं. लॉजवर आपण फक्त झोपतो. पहिली गाडी, चहा, मेडिकल आणि चौकशीला माणसं, हे सगळं स्टँडवर असतं. दुसरी गोष्ट, छोट्या गावातल्या बऱ्याच लॉजवर चेकआउट दुपारी बाराला नसतं, चोवीस तासांचं असतं. म्हणजे तुम्ही सकाळी सातला खोली घेतली तर दुसऱ्या दिवशी सातला दिवस संपला. त्यामुळे शक्यतो संध्याकाळी पोचावं. शेवटच्या दिवशी सामान खोलीत ठेवून दिवसभर हिंडता येतं. हे आधीच विचारून घ्या. गरम पाणी किती ते किती, हेही.

तिसरी गोष्ट म्हणजे रजिस्टर. आधार कार्डाची झेरॉक्स देऊन सुटका होत नाही. नाव, कायमचा पत्ता, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण, एवढे रकाने भरायचे असतात. आई भरत होती. ‘येण्याचे कारण’पाशी पेन थांबलं. काउंटरवरचे काका म्हणाले, “काय काम काढलंय ताई माढ्यात?” आई म्हणाली, “माहेर आहे माझं.” काकांनी चष्मा वर केला. “कुणाच्या तुम्ही?” आईने आजोबांचं नाव सांगितलं. “अगं बाई, मग लॉजवर कशाला?” आई काहीच बोलली नाही. काकाही मग फार खोलात शिरले नाहीत, त्यांनी स्वतःच रकान्यात ‘खाजगी काम’ लिहून टाकलं. म्हणाले, सगळे तेच लिहितात.

सकाळी गाव बघितलं. माढेश्वरी देवीचं देऊळ आणि रावरंभा निंबाळकरांचा म्हणून ओळखला जाणारा किल्ला, हे पायीच होतं. किल्ल्याची पडझड झाली आहे, फार वेळ लागत नाही. विठ्ठल मंदिरात मात्र थांबा. १६५९ मध्ये अफझलखान चाल करून आला तेव्हा पंढरपूरची मूर्ती सुरक्षिततेसाठी माढ्याला आणून ठेवली होती, अशी परंपरा आहे. नंतर ती परत गेली. पण डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात वेगळं मत मांडलं. जुन्या माहात्म्यग्रंथात विठ्ठलाच्या छातीवर मंत्राक्षरं असल्याचं वर्णन आहे, तशी अक्षरं माढ्याच्या मूर्तीवर आहेत, म्हणून मूळ मूर्ती माढ्याचीच असावी, असा त्यांचा मुद्दा. पंढरपुरात हे अर्थातच मान्य झालं नाही. मला यातलं काही कळतं असा माझा दावा नाही. पण आई लहानपणी रोज या देवळात जायची आणि यातलं तिला काहीही माहीत नव्हतं, याची मला गंमत वाटली.

परत येताना आईच्या गल्लीतून आलो. घराला हिरवा रंग दिलाय, पुढे ग्रिल लावलंय. आई कोपऱ्यावरच उभी राहिली. ग्रिलमागून एक बाई म्हणाल्या, “कोण पाहिजे?” सांगितल्यावर त्यांनी दार उघडलं, “या की आत, चहा घेऊन जा.” आई गेली. स्वयंपाकघरात दोन मिनिटं उभी राहिली, चहा घेतला, त्यांच्या मुलाच्या हातावर पैसे ठेवले. बाहेर आल्यावर एवढंच बोलली, “ओटा उंच केलाय.”

दुपारी कुर्डुवाडी. आणि इथे सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांनी नीट लक्ष द्यावं. कुर्डुवाडी हे याच तालुक्यातलं मोठं जंक्शन. आजोबा तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, रोज माढ्याहून गाडीने अप-डाऊन करायचे. जीआयपी रेल्वेचे रूळ मुंबईकडून येत येत १८६० मध्ये सोलापूरला पोचले. पण बार्शी, म्हणजे तेव्हाची मोठी पेठ, पस्तीसेक किलोमीटर बाजूलाच राहिली. म्हणून कुर्डुवाडीच्या स्टेशनला नाव दिलं ‘बार्शी रोड’. रेल्वेच्या भाषेत गावाच्या नावापुढे ‘रोड’ आला की समजायचं, गाव इथे नाही, गावाकडे जायचा रस्ता इथून फुटतो. नाशिक रोड हे त्याचंच उदाहरण.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपीत नोकरीला आला. त्याने बार्शीसाठी अडीच फूट (७६२ मिमी) गेजची रेल्वे सुचवली, १८९५ मध्ये लंडनला कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. हीच ती बार्शी लाईट. १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर!

आता आपण परीक्षेत काय लिहितो? नॅरोगेज स्वस्त, कारण गेज लहान. झाले मार्क. कॅलथ्रॉपचं खरं डोकं गेजमध्ये नव्हतं, ॲक्सल लोडमध्ये होतं. त्याने नियमच केला की इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याही ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. रुळाला काय त्रास होतो हे गाडीच्या एकूण वजनावर नाही, एका ॲक्सलखाली किती भार येतो यावर ठरतं. सगळीकडे पाचच टन येणार असतील तर यार्डाला तीस पौंडाचा, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचा रूळ पुरतो. आज आपल्या मेन लाईनवर ६० किलोचा रूळ असतो. रूळ हलका, म्हणून पूलही हलके आणि खर्च कमी.

पण मग इंजिन हलकं झालं तर ओढणार कसं? ओढायची ताकद शेवटी चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणावर, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवर किती वजन आहे यावर ठरते. त्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीकडून जी इंजिनं करून घेतली, त्यांची आठ चाकं एकमेकांना जोडलेली होती. चार ॲक्सल, प्रत्येकावर पाच टन, झाले वीस टन. उरलेलं वजन मागच्या चार छोट्या चाकांवर. भार वाटून घेतला, ताकद कमी होऊ दिली नाही. हे मला स्टेशनवर उभं राहिल्यावर समजलं. आजोबा ‘पाच टन, पाच टन’ काय म्हणायचे ते आईला आठवत होतं, अर्थ तिलाही माहीत नव्हता.

(हाच कॅलथ्रॉप पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला. एका माणसाला किती उद्योग!)

१९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने घेतली आणि २००० नंतरच्या दहाएक वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. छोटी गाडी आता नाही. पंढरपूरची गाडी त्याच जंक्शनवरून सुटते, पण ती आपली नेहमीसारखीच गाडी. आईला लहानपणची तिची चाल आठवते, म्हणते, मधे उतरून बोरं वेचून परत चढता आलं असतं. मी म्हटलं, आई, प्रत्येक नॅरोगेजबद्दल प्रत्येकजण हेच सांगतो. तर म्हणाली, “मग खरंच असेल.”

दुसरा दिवस उजनीचा. माढ्याहून टेंभुर्णी आणि तिथून हायवेने भीमानगर. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय सोडत नाहीत, पण हायवेच्या पुलावरून भिंत चांगली दिसते. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. लांबी अडीच किलोमीटर, दरवाजे ४१. पाणलोटाचं दुसरं टोक पार भिगवणकडे, जिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला पुण्याहून झुंबड उडते. माढ्याहून तेवढ्यासाठी जाऊ नका, लांब पडतं.

उजनी पेपरमध्ये येते ती ‘मायनस’मुळे. उणे तीस टक्के, उणे पन्नास टक्के... शाळेत असताना मला वाटायचं की धरणात पाणीच नाही आणि वर उधारी झाली आहे! हिशोब असा आहे. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातला वरचा ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा, आणि खालचा ६३.६६ टीएमसी हा मृत साठा. म्हणजे मृत साठा उपयुक्तपेक्षा जास्त! टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. त्यामुळे ‘शून्य टक्के’ असतं तेव्हा धरणात ६३ टीएमसीच्या वर पाणी असतं, आणि ‘उणे पन्नास’ म्हणजे ५३.५७ चं निम्मं खालच्या साठ्यातून गेलं, तरी सुमारे ३७ टीएमसी शिल्लक. २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला होता. नावाला मृत, पण सोलापूर शहराला प्यायला नदीतून पाणी सोडतात ते टंचाईत याच साठ्यातून. हे वाचून कुणी निर्धास्त होऊ नये, कारण त्यात गाळही आहे आणि शेवटी ते राखीव पाणी आहे. पण बातमी वाचताना निदान शून्य कुठे धरलाय ते माहीत असावं.

आईचं निरीक्षण वेगळं होतं. तिच्या लहानपणी या बाजूला डोळे फिरतील तिकडे ज्वारी होती. आता एसटीच्या खिडकीतून तासभर ऊसच ऊस.

येताना मोडनिंबजवळच्या अरणला उतरलो. संत सावता माळी यांची समाधी इथे आहे, ते १२९५ मध्ये गेले. पंढरपूर इतकं जवळ, पण ते वारीला गेले नाहीत, मळ्यातच विठ्ठल मानला, असं सांगतात. म्हणून आषाढात त्यांच्या पुण्यतिथीला विठ्ठलाचीच पालखी पंढरपूरहून अरणला येते. बाकी सगळे संत पंढरपूरला जातात आणि इथे उलट! आई समाधीपाशी बराच वेळ बसली. मी बाहेर शेंगा खाल्ल्या.

रात्री लॉजवर आलो तर काउंटरवर डबा ठेवलेला. काकांच्या घरून आला होता: ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. काका म्हणाले, “माहेरवाशीण हॉटेलात जेवली तर आमची मंडळी मला जेवायला घालायची नाही.” खोलीचं भाडं मात्र त्यांनी पूर्ण घेतलं, आणि ते आईला आवडलं. परतीच्या गाडीत दोनदा म्हणाली, बरं झालं पैसे घेतले, म्हणजे परत येता येईल.

पुढच्या हुरड्याला येतो, वरची खोली ठेवा, असं तिने काकांना सांगून ठेवलंय. हॉस्टेलमधल्या कुणाला यायचं असेल तर आधी कळवा. वरच्या मजल्यावर खोल्या दोनच आहेत, आणि गरम पाणी सकाळी सहा ते आठ.