नदीच्या गाळातले शिंपले

शिंपला म्हटले की कोकण आठवते. तिसऱ्या, कालवे, खुबे हे सारे खाऱ्या पाण्याचे. अमरावती जिल्ह्यातून पूर्णेकडे जाणाऱ्या पेढीसारख्या नद्यांच्या खोऱ्यात मात्र गोड्या पाण्याचे शिंपले सापडतात. त्यातला लॅमेलिडेन्स हा गडद तपकिरी कवचाचा, आतून मोत्यासारखा चकाकणारा प्राणी भारतभर आढळतो.

तो गाळात अर्धा रुतून बसतो आणि पाणी कल्ल्यांतून गाळतो. शेवाळाचे सूक्ष्म कण, जिवाणू, कुजके अवशेष त्याच्या पोटात जातात. नको असलेले कण चिकट गोळ्यांच्या रूपाने तळाशी पडतात. त्यावर तळातले किडे जगतात. पाणी निवळते, तळापर्यंत ऊन पोचते.

त्याचे बालपण विलक्षण आहे. मादी अळ्या पाण्यात सोडते आणि त्या माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून काही काळ परजीवी म्हणून वाढतात. स्वतः जेमतेम सरकणारा प्राणी माशाच्या अंगावरून प्रवाहाविरुद्धही पसरतो. म्हणून बंधाऱ्याने मासे अडले, की शिंपल्यांचीही पुढची पिढी खुंटते. वाळूउपसा तर त्यांची घरेच उचलून नेतो. पावसाळ्यात कपाशीच्या शेतातून वाहून येणारी कीटकनाशके त्यांच्या शरीरात साठू शकतात. अशा पाण्यातले शिंपले खाणे धोक्याचेच.

माणसाने शिंपल्यांचा चुना भाजला, बटणे घडवली. आता भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने विकसित केलेल्या तंत्राने याच लॅमेलिडेन्सच्या पोटी तळ्यांत मोती पिकवले जातात.