सूर्याची चूल व भाताचे तूस

उन्हात ठेवलेले पाणी तापते, हे कोणास ठाऊक नाही? अंगणातील लोखंडी बादली दोन प्रहरी हाताला चटका देते आणि दिवेलागणीस तीच गार पडलेली असते. उष्णता आली कोठून हे सर्वांस कळते. ती गेली कोठे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. सूर्यतापक पेटीचे सारे मर्म या दुसऱ्या प्रश्नात आहे.

अठराव्या शतकात सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने आतून काळी केलेली पेटी काचांनी झाकून उन्हात ठेविली, तेव्हा आतील उष्णता पाणी उकळण्याच्या अंशापलीकडे गेली. पुढे आपल्या मुंबईतच विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज गृहस्थांनी आठ बाजूंस आरसे लावून, मध्ये काचेखाली भांडे ठेवून, सूर्याची चूल सिद्ध केली. जानेवारी महिन्यात सात शिपायांचे जेवण तीवर दोन तासांत शिजत असे. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८७८ साली मुंबईस प्रसिद्ध झाला.

आपणांस इतका खटाटोप नको. आंघोळीपुरते पाणी तापविणारी पेटी सोमाटण्यातील कोणत्याही घरी टाकाऊ जिनसांतून होते. पुठ्ठ्याची वा फळीची एक मोठी पेटी घ्यावी आणि तीत दुसरी लहान पेटी बसवावी. लहान पेटीचे तोंड सुमारे ६० सेंटिमीटर लांब व तितकेच रुंद असावे. दोहोंमध्ये तळाशी व चारी बाजूंस चार-चार बोटे जागा राखून ती भाताच्या कोरड्या तुसाने गच्च भरावी. आपला मावळ भाताचा मुलूख असल्याने तुसास तोटा नाही. आतील पेटीस जुना पत्रा लावून त्यास काळा रंग द्यावा. दोन पसरट पातेली बाहेरून काळी करावी, प्रत्येकीत पाच लिटर पाणी घालून वर झाकणे ठेवावी. पेटीच्या तोंडावर मोडक्या खिडकीच्या दोन काचा, मध्ये बोटभर अंतर सोडून, बसवाव्या. शेवटी एका पुठ्ठ्यास रुपेरी कागद चिकटवून तो उत्तरेकडील कडेस दक्षिणेकडे तोंड करून उभा करावा.

आता प्रत्येक वस्तूचे कार्य पाहा. काळा रंग प्रकाश शोषून त्याची उष्णता करितो. काच प्रकाशास आत सोडते. परंतु तापलेल्या पत्र्याची उष्णता सहसा बाहेर जाऊ देत नाही, व वाऱ्यासही अडविते. तुसात कोंडलेली हवा उष्णतेची वाट रोखून धरते. तूस ओले झाले की हा गुण नाहीसा होतो. २२ डिसेंबरच्या सुमारास सोमाटण्याच्या आकाशात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघा ४८ अंश वर असतो. पेटी कलती केल्यास पाणी सांडेल. म्हणून तिरपे किरण आत लोटण्याचे काम रुपेरी पुठ्ठ्याने करावयाचे.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी थोडे गणित करावे. निरभ्र दुपारी सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट शक्ती पडते. आपल्या काचेचे क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर, म्हणजे वाट्यास ३६० वॅट. त्यांतील निम्मी वाया गेली असे धरू. दहा लिटर पाणी ३० अंशांनी तापविण्यास १२,६०,००० जूल लागतात. यास १८० ने भागिता ७००० सेकंद, म्हणजे दोन तासांस थोडे कमी, असे उत्तर येते. हिवाळ्यात तीन तास धरावे.

काचेच्या धारेपासून हात व आरशाच्या झळाळीपासून डोळे जपावे. हे पाणी पिण्यास घेऊ नये. मावळच्या पावसाळ्यात ही पेटी निरुपयोगीच. पहाटेच्या स्नानासही ती कामाची नाही. परंतु चार वाजता काचेवर जुनी गोधडी घातली असता संध्याकाळी शेतावरून परतलेल्या माणसास ऊन पाणी मिळते.

ज्या घरी अद्याप चुलीवर पाणी तापते, तेथे एवढ्याने सरपणाचा एक भार हलका होईल आणि धुराने चुरचुरणाऱ्या आईच्या डोळ्यांस घटकाभर विसावा मिळेल. दिवाळीच्या सुटीत मुलांनी पेटी करावी, दर अर्ध्या तासास उष्णतामापक पाहून आकडे वहीत टिपावे, आणि तूस काढून तोच प्रयोग पुन्हा करावा. उष्णता मिळविणे सोपे, राखणे कठीण, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.