पंप खडखडला, की मालकाचा जीव टांगणीला!

खंडेनवमीची सकाळ. गावाबाहेरच्या वॉशिंग सेंटरवर मोटारी, रिक्षा, टेम्पो, एखादा ट्रॅक्टर असा सगळा गोतावळा रांगेत उभा असतो. दसऱ्याला झेंडूचा हार घालायचा, तर त्याआधी गाडी लखलखीत नको का? आणि नेमक्या अशाच वेळी पाण्याचा झोत मंदावतो, पाइप हातात थरथरू लागतो, पंपातून खडखड ऐकू येते. वर्षातल्या भरघोस कमाईचा दिवस आणि मशीन रुसलेले! रांगेतले एकेक गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत काढता पाय घेते.

या मशीनची ताकद काही थोडीथोडकी नसते. मोटारीच्या चाकात आपण साधारण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो. गाड्या धुणाऱ्या चांगल्या पंपाचा दाब हजार पौंडांच्या घरात जातो, कधी त्याच्याही पुढे. पंपाच्या पोटात दोन-तीन दट्टे मागेपुढे होत पाणी ढकलत असतात. दट्ट्यांभोवती सील, पाणी आत घेणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, मागे तेलाची पेटी. बस्स, एवढाच त्याचा संसार.

खडखड ऐकली की नवशिका मालक पाना घेऊन पंपच खोलायला बसतो. जाणता मिस्त्री मात्र आधी पाण्याच्या टाकीकडे जातो. टाकीत पाणी किती आहे? जाळीत शेवाळ अडकले आहे का? पाइपच्या जोडातून हवा तर शिरत नाही? पंपाला पोटभर पाणी मिळाले नाही आणि त्याने हवा घेतली, की दट्टे आदळू लागतात, सील आणि व्हॉल्व्हची वाट लागते. बिचारा पंप उपाशी असतो, आणि लोक त्याच्यावर शस्त्रक्रिया करायला निघतात!

आवाज नाही, पण झोतात जोर नाही, असे असेल तर गनच्या टोकाचे नोझल बघावे. बोअरच्या पाण्यातली बारीक रेती रोज घासून घासून त्याचे भोक मोठे करते आणि दाबाचा काटा हळूहळू घसरतो. नवे नोझल पंपाच्या दुरुस्तीपेक्षा किती तरी स्वस्त पडते, म्हणून आधी तेच बदलून पाहायचे. उलट काटा वर चढला आणि झोत वाकडातिकडा उडू लागला, तर नोझलमध्ये कचरा आहे. काटा सारखा नाचत असेल, तर व्हॉल्व्हमध्ये काही तरी अडकले आहे किंवा सील झिजले आहे. आणि तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागले, तर समजावे, की पाणी तेलात शिरले. मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो, पंप बंदच करायला हवा.

विजेचे दुखणे वेगळेच. तीनपैकी एक फेज गेला की मोटार नुसती गुणगुणते, तापते आणि जळते. विहिरीवर मोटार असलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. तो स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवून मोकळा होतो.

अमेरिकेत तर गाडी धुऊन देणारा माणूसच नसलेली केंद्रे जुनी आहेत. पेटीत नाणी टाकायची, बटण फिरवून साबण, पाणी, मेण निवडायचे आणि वेळ संपायच्या आत आपली गाडी आपणच धुवायची. तिथे नाणे अडकले तरी धंदा थांबतो. आधीच्या गिऱ्हाइकाच्या गाडीचा चिखल फेसाच्या ब्रशात राहिला, तर पुढच्याच्या रंगावर ओरखडे! कडाक्याच्या थंडीत पाइपातले पाणी गोठून पाइप फुटू नये म्हणून पाण्याची बारीक धार सतत चालू ठेवतात.

आपल्याकडे मात्र गन एखाद्या मुलाच्या हातात असते. ओल्या जमिनीवर, बरेचदा अनवाणी पायांनी तो दिवसभर उभा असतो. त्याचा जीव अर्थिंगवर आणि गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर अवलंबून असतो. गंमत म्हणून झोत कोणाच्या हातापायावर मारणे तर महागात पडते. एवढ्या दाबाचे पाणी कातडीत घुसते. वरून सुईच्या टोकाएवढी जखम दिसते, पण आत मोठी इजा झालेली असू शकते. हळद लावून न बसता तडक हॉस्पिटल गाठावे. मोटार बंद केली तरी पाइपात दाब उरतो. तेव्हा जोड सोडवण्याआधी गनचा घोडा दाबून तो काढून टाकायचा. कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेले पाणी रोज सोडले नाही, तर टाकी आतून गंजते. सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा फुसफुसतो म्हणून त्याला बूच मारणारे महाभागही असतात. ते शेजारी बॉम्बच ठेवत असतात!

पाण्याचा प्रश्न तर दरवर्षी उभा राहतो. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि ५ हजार रुपये दंड ठेवला. धुतलेले पाणी हौदात निवळून, तेलाचा तवंग काढून पुन्हा वापरता येते. पण घाईने, न गाळता वापरले, तर त्यातली रेती थेट पंपातच जाते आणि पुन्हा तीच खडखड!

खंडेनवमीला तो पंप बहुधा जाळी धुतल्यावर सुरू होतो. संध्याकाळी सेंटरवर पाने, हातोडे, गन अशी सगळी हत्यारे मांडली जातात, पंपालाही हळदकुंकू लागते. तेवढ्यात तेलाची पातळीही बघून घेतात.