गुडघे टेकलेले दाते

ब्रुजच्या ग्रूनिंगे संग्रहालयात चौकटीसह पावणेदोन मीटर रुंदीचे एक चित्र आहे. मधोमध मरिया आणि बाळ येशू, एका बाजूला भरजरी वस्त्रांतले संत डोनेशियन, दुसऱ्या बाजूला चिलखतातले संत जॉर्ज. जॉर्जच्या पुढ्यात पांढऱ्या झग्यातला एक म्हातारा गुडघे टेकून बसला आहे. गालांची कातडी सैल पडलेली, कपाळाच्या कडेची शीर फुगलेली, हातात प्रार्थनेचे पुस्तक आणि चष्मा. ती शीर इतकी हुबेहूब आहे की विसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी तिच्यावरून त्याच्या आजाराचे निदान करून पाहिले. त्याची ओळख करून देताना जॉर्जने हात पुढे केला आहे. त्या हाताची सावली झग्यावर पडली आहे आणि जॉर्जचा पाय झग्याच्या काठावर आला आहे.

हा म्हातारा म्हणजे योरिस व्हान डेर पाले. रोममध्ये पोपच्या कचेरीत लेखनिकाचे काम करून तो गावी परतला आणि सेंट डोनेशियन चर्चच्या धर्ममंडळात बसला. चित्रकार यान व्हान आइक. पदरचे पैसे मोजून काढून घेतलेल्या चित्रात माणूस आपले म्हातारपण इतके उघडे का ठेवेल?

उत्तर चौकटीवरच्या लॅटिन मजकुरात आहे. चित्र कोणी करवून घेतले आणि कोणी काढले हे तिथे लिहिले आहेच. शिवाय दात्याने या चर्चमध्ये दोन पुरोहितपदांसाठी कायमची ठेव ठेवल्याची नोंद आहे, आणि 1434 व 1436 ही सालेही आहेत. देणगीचा दस्तऐवज आणि चित्र एकाच चौकटीत नांदतात.

त्या काळची श्रद्धा अशी, की बहुतेक आत्म्यांना स्वर्गाआधी शुद्धिस्थानात यातना सोसाव्या लागतात, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनांनी व मिस्सांनी त्या कमी होतात. म्हणून पैसेवाले लोक पुरोहित नेमत, वेदी बांधत आणि वेदीवर चित्र लावत. प्रार्थना नेमकी कोणासाठी, हे वेदीसमोर उभ्या राहणाऱ्याला दिसावे म्हणून चित्रात दाता असे. मनीऑर्डरवर पत्ता जसा पुरता लागतो, तसा इथे चेहरा पुरता लागे. व्हान आइकचे बारकावे मला या गरजेशी जोडलेले वाटतात. तेलरंगाचे पातळ थर एकावर एक चढवण्याचे त्याचे कसब अफाट होतेच. पण सुरकुती न् सुरकुती टिपावी अशी मागणी वेदीसमोरच्या या व्यवहारातही होती.

गेंटचे प्रसिद्ध वेदीचित्र याच व्यवहारातून जन्मले. ह्युबर्ट आणि यान व्हान आइक या भावांचे हे काम 1432 मध्ये पूर्ण झाले. खर्च योस फाइट आणि त्याची पत्नी एलिझाबेथ बोर्लूट यांचा. दोघांना मूलबाळ नव्हते. आपल्यामागे आपली आठवण ठेवणारे घरचे कोणी उरणार नव्हते. 1435 मध्ये त्यांनी या वेदीवर रोज मिस्सा व्हावी म्हणून कायमची तरतूद केली. चित्राची दारे मिटलेली असत तेव्हा खालच्या ओळीत हे जोडपे दिसे. मधले दोन संत दगडी पुतळ्यांसारखे करड्या रंगात. रक्तामांसाचे रंग फक्त नवराबायकोला.

चेहऱ्याचे हे महत्त्व चित्रकारांच्या कामातही दिसते. रॉखिर व्हान डेर वायडनच्या सात संस्कारांच्या वेदीचित्रात काही चेहरे वेगळे रंगवून मग फळीवर चिकटवले आहेत. हान्स मेमलिंगने 1484 च्या सुमारास ब्रुजच्या मोरेल कुटुंबासाठी काढलेल्या तीन फळ्यांच्या चित्रात बापामागे मुलगे आणि आईमागे मुलींची दाटी आहे. त्यांतल्या काही मुली नंतर भरल्या. कुटुंब वाढले, तशी प्रार्थनेची यादीही वाढली.

या नम्रतेत सत्तेचा ताठा मिसळलेला नव्हता असे मात्र नाही. बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सेलर निकोला रोलँ याचे व्हान आइकनेच 1435 च्या सुमारास काढलेले चित्र आज लूव्हरमध्ये आहे. रोलँ मरियेसमोर बसला आहे, तिच्याएवढाच मोठा, मध्ये ओळख करून देणारा संतही नाही. तपासणीत असे आढळले, की त्याच्या कमरेला आधी पैशांची थैली होती. अंतिम चित्रात ती नाही. पुढे 1443 मध्ये रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी बोन इथे गरिबांसाठी रुग्णालय स्थापन केले. तिथल्या अंतिम न्यायाच्या वेदीचित्राच्या बाहेरच्या फळ्यांवर पुन्हा हे दोघे गुडघे टेकून आहेत. पैशाचा अभिमान आणि त्याच पैशाचे भय, दोन्ही एकाच माणसात होती.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या लाटेत व्हान डेर पालेचे चर्च पाडले गेले आणि रोलँचे चित्र जिथे होते ते ओतँचे चर्चही गेले. ‘कायमच्या’ ठेवींतून चालायची ती मिस्साही थांबली. चित्रे संग्रहालयांत आली आणि आपण त्यांकडे व्यक्तिचित्रे म्हणून पाहू लागलो. तसे पाहिले की श्रीमंतांची हौस तेवढी दिसते, आणि निम्मे चित्र हातचे जाते. या माणसांनी स्वतःला गरजू म्हणून रंगवून घेतले. आपल्या मुक्तीसाठी अनोळखी लोकांची प्रार्थना लागेल हे त्यांनी चारचौघांत, वेदीजवळ, नावानिशी कबूल केले. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका सावकारी, व्यापारी समाजाची ही कबुली मला त्याच्या सगळ्या वैभवापेक्षा मोठी वाटते.