गॅस संपला म्हणे!

एसी थंड करेनासा झाला की मेकॅनिकचं निदान बहुधा ठरलेलं असतं : ‘गॅस संपलाय.’ पण एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो जळून खर्ची पडत नाही. बंद नळ्यांतून तोच तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळतोय.

दिल्ली-चंडीगडकडच्या घरांत दिसणाऱ्या ‘हॉट अँड कोल्ड’ एसीत, म्हणजेच हीट पंपात, हे कोडं जास्त रंगतं. उष्णता इकडून तिकडे नेणारं यंत्र घर ऊबदारही करू शकेल, हे विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांनी 1852 मध्येच मांडलं होतं. उन्हाळ्यात आतली उष्णता बाहेर टाकणारा एसी थंडीत बाहेरच्या गार हवेतूनही उष्णता शोषून आत आणतो. गॅसचा प्रवाह उलटा फिरवतो तो आउटडोअर युनिटमधला फोर-वे व्हॉल्व्ह.

तपासाचा पहिला धागा इथेच सापडतो. मे महिन्यात गारेगार, पण जानेवारीत गरम वाऱ्याचं नाव नाही? मग संशय गॅसवर नव्हे, व्हॉल्व्हवर घ्यावा : तो अडकला असेल किंवा त्याची विजेची कॉइल जळाली असेल. दोन्ही ऋतूंत यंत्र मलूल असेल, तर मात्र कचऱ्यानं भरलेला फिल्टर, धूळ बसलेली कॉइल आणि मग गळती, या क्रमानं बघावं. इनडोअर कॉइलवर बर्फ साचला तरी आधी फिल्टरच धुवावा. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा तो कुणी सुचवत नाही.

कडाक्याच्या थंडीत आउटडोअरमधून वाफा निघतात, आतला पंखा थांबतो आणि घरात धावपळ उडते. बिघाड काहीच नसतो. बाहेरच्या कॉइलवर साचलेलं हिम वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटं उलटं चालतं, इतकंच.

जुन्या, बिगर-इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर नुसता घुमतो, सुरू होत नाही, तेव्हा बऱ्याचदा कपॅसिटर गेलेला असतो. वीज बंद केल्यावरही तो झटका देऊ शकतो. घरच्या स्क्रू-ड्रायव्हरनं तिथे हात घालू नये.

गळती खरंच निघाली, तर नळ्यांच्या जोडांवर तेलाचे डाग दिसतात, साबणाच्या पाण्याला बुडबुडे येतात. जोड दुरुस्त करून, व्हॅक्यूम पंपानं हवा काढून मगच गॅस भरायचा, तोही वजन करून. किती ग्रॅम, ते आउटडोअरच्या पट्टीवर छापलेलं असतं. मेकॅनिकनं वजनकाटा आणलाय का, एवढं विचारून बघावं.