घरचा संगणक आणि मोफत ई-मेल आज्ञावली

पत्र आले की ते वाचावे, उत्तर द्यावे आणि महत्त्वाचे असल्यास जपून ठेवावे, ही आपली जुनी रीत. कागदी पत्र तारेला लावले जाई वा ट्रंकेत ठेवले जाई. ई-मेलच्या बाबतीत मात्र बहुतेक जण पत्र वाचतात, उत्तरही देतात. पण ते जपण्याचा विचार क्वचितच होतो. ब्राउझर उघडून टपाल पाहिले, की काम झाले. वस्तुतः ती पत्रे सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात. इंटरनेट बंद पडले अथवा खात्याचा पासवर्ड हरवला, की कित्येक वर्षांचा पत्रव्यवहार हाताबाहेर जातो. घरच्या संगणकावर स्वतंत्र ई-मेल आज्ञावली बसविल्यास ही अडचण बऱ्याच अंशी दूर होते. अशा चांगल्या आज्ञावली विनामूल्य मिळतात. मात्र निवड करताना केवळ किंमत पाहून चालत नाही.

आज्ञावलीचे कार्य

सर्व्हर हे टपाल कार्यालय मानले, तर ई-मेल आज्ञावली ही घरची टपालपेटी, लेखनाचे मेज आणि फायलींचे कपाट होय. पत्र पाठविण्यासाठी एसएमटीपी ही पद्धत वापरली जाते. पत्र आणण्याच्या पद्धती दोन. पीओपी पद्धतीत पत्र सर्व्हरवरून घरच्या संगणकावर उतरवून घेतले जाते. सर्व्हरवर त्याची प्रत ठेवावी की नाही, हे वापरणाऱ्याने ठरवावयाचे असते. आयमॅप पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवरच राहते आणि संगणकावर त्याची प्रत ठेवता येते. त्यामुळे तेच टपाल मोबाईलवरही दिसते. परंतु एका ठिकाणी पत्र पुसले, की ते सर्वत्र पुसले जाते. मोबाईल व संगणक दोन्ही वापरणाऱ्यांना आयमॅप सोयीचे ठरते.

मोफत आणि मुक्त

मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि या विषयात तो भेद महत्त्वाचा आहे. मोफत आज्ञावलीला पैसे पडत नाहीत. मुक्त आज्ञावलीचा मूळ संकेतही सर्वांना खुला असतो; तो कोणीही तपासू शकतो, सुधारू शकतो आणि पुढे चालवू शकतो.

मागील अनुभव या दृष्टीने बोलका आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये ‘युडोरा’ ही आज्ञावली तयार केली. ती अतिशय लोकप्रिय झाली. परंतु पुढे तिची मालकी एका कंपनीकडे गेली आणि २००६ मध्ये त्या स्वरूपातील विकास थांबला. तिचा मूळ संकेत खुला झाला तो २०१८ मध्ये. विंडोजबरोबर येणारी ‘आउटलुक एक्सप्रेस’ विंडोज एक्सपीनंतर बंद झाली. ‘विंडोज लाइव्ह मेल’चे साहाय्य जानेवारी २०१७ मध्ये संपले, तर विंडोज १० मधील ‘मेल’चे ३१ डिसेंबर २०२४ रोजी. या तिन्ही आज्ञावली मोफत होत्या. त्या बंद करण्याचा निर्णय मात्र मालकाचा होता.

‘थंडरबर्ड’ची कथा निराळी आहे. तिची पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये निघाली. २०१२ मध्ये मोझिलाने तिच्या विकासातून बराचसा हात काढून घेतला. तथापि मूळ संकेत खुला असल्याने स्वयंसेवकांनी ती जिवंत ठेवली. २०२० पासून मोझिला फाउंडेशनच्या एका स्वतंत्र उपकंपनीकडे तिचे काम असून, खर्च प्रामुख्याने वापरणाऱ्यांच्या देणग्यांतून भागतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ती चालते. लिनक्सवर ‘इव्होल्यूशन’ व ‘क्लॉज मेल’ या मुक्त आज्ञावलीही उपलब्ध आहेत.

निवड करताना

आज्ञावली नेहमी तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी. अनोळखी ठिकाणच्या प्रतीबरोबर अपायकारक आज्ञावलीही येऊ शकते. ती आपल्या संगणकाच्या प्रणालीवर चालते काय, सुरक्षेच्या सुधारणा तिला नियमित मिळतात काय, जाहिराती दाखविते काय आणि पत्रांची प्रत अन्य सर्व्हरवर पाठविते काय, हे पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, साठविलेली पत्रे दुसऱ्या आज्ञावलीत नेता येतील काय, याची खात्री करावी. ‘एमबॉक्स’सारख्या खुल्या स्वरूपात पत्रे ठेवल्यास हे स्थलांतर सुलभ होते.

शासकीय पत्रव्यवहारासाठी शासनाने दिलेला ई-मेल पत्ता आणि त्याविषयीचे नियम पाळावयाचे असतात. येथील विचार घरगुती टपालापुरता आहे.

जपणूक

आज्ञावली बसविली म्हणजे पत्रे सुरक्षित झाली, असे नव्हे. संगणकाची डिस्क निकामी झाली, की त्यावरील पत्रेही जातात. यास्तव पत्रांच्या फोल्डरची प्रत ठराविक काळाने बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते की नाही, हेही पाहावे. संगणक घरातील अनेकांच्या वापरात असल्यास प्रत्येकासाठी स्वतंत्र खाते व पासवर्ड ठेवणे हिताचे.

मुलाच्या प्रवेशाचे पत्र, विम्याची पोच, परगावच्या आप्तांची खुशाली हे सारे आता ई-मेलने येते. उद्या एखादी आज्ञावली बंद पडली, तरी ती पत्रे आपल्या हाती राहिली पाहिजेत. निवडीची खरी कसोटी तीच होय.