शिकारगाहांचे उत्तरायुष्य

विजयवाड्याच्या रस्त्याने हैदराबाद सोडताना वनस्थलीपुरमच्या वस्तीला लागून कुंपणाआड जे विस्तीर्ण झुडपी रान दिसते, ती एकेकाळी निजामाची खाजगी शिकारगाह होती, हे या शहरात जन्म काढलेल्या पुष्कळांनाही ठाऊक नसते. शिकार कोणी करावी, केव्हा करावी आणि कोठे करावी, या तीन प्रश्नांची उत्तरे काळाबरोबर कशी पालटत गेली, याचा इतिहास मात्र या एका रानात वाचता येतो.

संस्थानी अमलात पहिल्या प्रश्नाचे उत्तर निर्विवाद होते: शिकार हा प्रजेचा हक्क नसून राजाचा मान होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची व्याघ्रशिकारी म्हणून ख्याती होती. आणि एप्रिल १९०२ मध्ये वरंगळकडील नेकोंडा येथे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी मारलेल्या वाघाचे छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे. काळविटांच्या शिकारीला चित्ता नेत. माणूस दिसताच उधळणारा कळप बैलगाडीला बुजत नाही, हे हेरून डोळ्यांवर टोपी चढवलेल्या चित्त्याला गाडीवर बसवून कळपाजवळ नेत आणि टोपी काढताच तो झेपावे. मात्र थोड्याच अंतरात काळवीट हाती न लागले, तर तो पाठलाग सोडून देई. वाघासाठी उन्हाळा निवडत, कारण तेव्हा पाणवठे आटतात आणि जनावर उरलेल्या पाण्याजवळ राहते. रान उठवण्याच्या हाक्याला गावकरी लागत, आणि हे काम पुष्कळदा वेठीचेच असे.

‘केव्हा’ या प्रश्नाला ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ च्या कायद्याने उत्तर दिले; प्रांतिक सरकारांना विशिष्ट पशुपक्ष्यांसाठी बंदीचा काळ जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. अमेरिकेने निराळा मार्ग धरला. तेथे १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीवकार्याला लावून दिले, आणि सार्वजनिक शिकारभूमी राखण्याचा भार शिकाऱ्यांनीही उचलला.

आपल्याकडे १९४९ मध्ये सर्फेखास, म्हणजे निजामाची खाजगी जहागीर, दिवाणीत, म्हणजे सरकारी मुलखात, विलीन झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रारंभी काही शिकारपरवाने शिल्लक ठेवले होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले आणि शिकारीचा हंगाम ही कल्पनाच मावळली. वनस्थलीपुरमच्या शिकारगाहीत भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने १९७५ मध्ये त्यांच्या नावाचे हरिणोद्यान झाले आणि १९९४ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. मृगयेच्या भूमीला अहिंसेच्या आचार्याचे नाव देण्यात मोठे औचित्य होते. मेदकजवळचे पोचारम आणि नल्लमलातील फराहाबाद या निजामाच्या मृगयास्थानांनाही आज वन्यजीवांच्या रक्षणाचा बंदोबस्त लाभला आहे.

‘कोणी’ आणि ‘केव्हा’ हे प्रश्न कायद्याने निकालात काढले. ‘कोठे’ हा उरला आहे, आणि आता तो शिकाऱ्याचा नसून जनावराचा आहे. काळवीट हा मोकळ्या माळाचा प्राणी. सुमारे साडेचौदा चौरस किलोमीटरच्या या उद्यानाला वस्तीने घेरले असल्याने तेथील कळपांना दुसरीकडे जायला वाट नाही. म्हणून झुडपांनी गवताळ माळ गिळू न देणे आणि उद्यानाची हद्द तसूभरही मागे न सरू देणे, हे सरकारचे जितके, तितकेच या शहराच्या नागरिकांचेही कर्तव्य आहे. राजाने स्वतःच्या शौकासाठी राखलेली जमीन प्रजेला जनावरांच्या हितासाठी राखता आली नाही, तर बंदुकीला बंदी घालून आपण फारसे काही मिळवले नाही, असेच म्हणावे लागेल.